साक्षगंधापुरत्या कॅलरी

डोकं बाहेर आलं, खांदे बाहेर आले आणि पोटापाशी जीवन थांबला.

"पुढं या," सेवकराम गुरुजी खालून म्हणाले.

"येत नाही जी."

"श्वास सोडा."

"सोडला."

"मंग?"

"मंग काय, पोट आहे ना जी."

गुरुजींनी खिडकी वितीने मोजली. साकोलीतल्या त्या जिमच्या मागच्या भिंतीत बाथरूमची ही एकच खिडकी होती. बिनगजाची. पुढच्या बाजूला एकच शटर, आणि त्याला बाहेरून गंजकं कुलूप. सकाळी नऊच्या आधीच होणाऱ्या जावयाचा फोन आला होता, 'व्यायामाले आलो अन् कोणी तरी शटर लावून गेलं. साक्षगंध पुढं ढकला.'

ढकलणं गुरुजींच्या रक्तात नव्हतं. मुलगी रश्मी आणि तीन जीपभर पाहुणे घेऊन ते दिघोरीहून थेट या भिंतीमागे हजर झाले. कुलूप फोडू म्हणणाऱ्या पाहुण्याला त्यांनी डोळ्यांनीच खाली बसवलं. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस दुसऱ्याचं कुलूप फोडत नसतो. पाटीवरच्या नंबरवर मालक फोन उचलत नव्हता.

"मुहूर्त बाराचा," गुरुजी म्हणाले. "बारा म्हणजे बारा. टळला तं सोयरीक मोडली समजा. किती इंच जास्त होते?"

"तीनेक असन जी." जीवन आत सरकला. आता खिडकीत नुसतं तोंड उरलं.

"तीन इंच म्हणजे चार किलो. किलोले सात हजार सातशे कॅलरी. झाले तीस हजार आठशे." गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पावणेदहा. "सायकलीवर बसा."

जीवनने असं काही होईल हे धरलंच नव्हतं. तो बसला.

आत उजेड नव्हता. बाकीच्या मशीनींवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती, सायकलची सीट तेवढी स्वच्छ. भिंतीवर कॅलेंडरचं ऑगस्टचं पान लटकत होतं. पायडल मारलं की सायकलचा पडदा उजळायचा, त्याला वीज लागत नसे. या पडद्याशी जीवनची दिवाळीपासूनची ओळख. सोयरीक जमली त्याच दिवशी गुरुजींनी अट घातली होती : रोज पाचशे कॅलरी जाळायच्या आणि आकड्याचा फोटो पाठवायचा. पस्तीस दिवस झाले, पस्तीस फोटो गेले. गुरुजींच्या वहीत जावई सव्वादोन किलोने उतरला होता. जावयाच्या पँटचं म्हणणं वेगळं होतं.

"किती झाले?" खिडकीतून आवाज आला.

"चाळीस."

"शाबास. लग्न झालं का हेच मशीन घेऊन देतो तुमाले. आपल्या दिघोरीच्या घरी ठेवू, माह्या खुर्चीसमोर. पाचशेचे हजार करू."

पायडलचा आवाज थांबला. मग हळूहळू पुन्हा सुरू झाला.

पाहुण्यांनी भिंतीच्या सावलीत सतरंजी अंथरली. चहा आला. खिडकीतून जीवनलाही एक कप गेला, बिनसाखरेचा. दर पाच मिनिटांनी कोणीतरी आकडा विचारी आणि तो ऐकून सगळे माना डोलावत. शटरपलीकडे रस्त्यावर साकोली-भंडारा बस हॉर्न देत निघून गेली. तिच्यात बसायला जागा होती की नाही, याचा तो बराच वेळ विचार करत राहिला.

पावणेबाराला पडद्यावर नऊशे चाळीस झाले.

"या गतीनं अजून साडेत्रेसष्ट तास," गुरुजी म्हणाले.

"बाबा, ते मशीन जास्त दाखवते," रश्मी म्हणाली. ती लाखांदूरच्या दवाखान्यात नर्स होती. "वजन विचारत नाही, वय विचारत नाही. त्याले काय मालूम कोण बसलं? खरं म्हनलं तं अर्धंच धरा."

"तं मंग एकशे एकोणतीस तास." गुरुजींनी हिशेब तोंडीच केला. "तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

रश्मी खिडकीखाली आली. "आयकता का जी? एकदा पुन्हा निघून पाहता?"

"पाहिलं न."

"बरं," रश्मी म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

बाराला दहा कमी असताना गुरुजींनी कपाळाला हात मारून घेतला. दुःखाने नाही, आनंदाने.

"अरे, साक्षगंधाले अख्खा माणूस कायले पाहिजे? बोट पुरे! जीवनराव, हात काढा बाहेर!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आत अंधारात जीवनने आपला उजवा हात पाहिला. जन्मात पहिल्यांदा तो त्याला फार बारीक वाटला. पोटासारखं काही सांगण्याची सोय नव्हती. त्याने हात बाहेर काढला.

रश्मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली. अंगठी नखापर्यंत आली, तेवढ्यात कोपऱ्यावरून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत एक माणूस धावत आला. जिमचा मालक, इश्वर.

"गाडी चालवत होतो जी, आताच मिसकॉल पाहिले. काय झालं?"

"आमचा जवाई कोंडला," गुरुजी कडाडले. "सकाळी न पाहता शटर लावलं तुमी!"

"मी?" इश्वर पाहतच राहिला. "जिम तं पोळ्यापासून बंद आहे, गुरुजी. मशीनीवरचे आकडे पाहून लोक खूश होते. मी वजनकाटा आणला अन् आठ दिवसांत सारे पळाले. तीन महिने झाले, शटरले हात नाही लावला. किल्ली ही एकच."

त्याने किल्ली वर धरून दाखवली.

"हे आत गेले कुठून?"

सगळ्यांच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. बोट हळूच आत गेलं.