रानातला म्हातारा

हरणांच्या शिकारीचा मोसम आठवड्यावर आला होता. रानात मेपलच्या झाडाला बांधलेल्या, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड मी काढून आणलं आणि नवऱ्यापुढे लॅपटॉपवर लावलं. कॅमेरा त्यानेच पारखून घेतलेला; दिवा चमकत नाही, त्यामुळे जनावर बुजत नाही. पण ज्याच्यावर त्याचा डोळा होता, तो बारा टोकांच्या शिंगांचा नर एकाही फोटोत नव्हता. सगळ्यांत तोच म्हातारा. “परत आला हा, मर्ना! आपल्या रानात ह्याचं काय काम? हरणं पळवतोय लेकाचा. टोपी बघ, हुबेहूब माझी!” तो मला म्हणाला. मी नवऱ्याचे ओले मोजे काढत होते. दाराला कडी लावून झाली, घंटा बांधून झाली. तरी पहाटे माझा डोळा लागला की हा बाहेर निघतोच. “‘आत येऊ नये’ अशी पाटी लावू का?” मी विचारलं. तो फोटोकडे बघत राहिला. “नको. थंडीत नुसत्या पायजम्यावर फिरतोय बिचारा. घरी ह्याला बघणारं कोणीच नाही का गं?”