चौथं तोंड

थोरल्या भावाला विष घालून धाकटे कुंवर केसरगढच्या गादीवर बसले आणि तेराव्यालाच त्यांनी गोकळ चिताऱ्याला बोलावलं.

"शिकारीच्या चित्रातलं भाईसांचं तोंड खरवड. तिथं आमचं बसव."

घोडा तोच, भाला तोच, मरणारा वाघही तोच. त्या एका धडावर गोकळनं आजवर तीन राजांची तोंडं बसवली होती. खरवडून खरवडून कागदाचा पापुद्रा झाला होता.

चित्र पाहून नवे राजे खुलले. "वाघ कसा मारलाय आम्ही!"

"एका घावात, अन्नदाता," म्हणत गोकळनं मुजरा केला.

घरी बायको वैतागली, "पुढचा आला की पुन्हा खरवडत बसा!"


"नाही गं. या वेळी रंगात डिंकच घातला नाही. नुसती फुंकर मारायची."