शमीचं फडकं

ऑक्टोबरच्या उन्हात काळ्या पत्र्यावरचा थेंब चार मिनिटांत वाळतो. स्वरदाने घड्याळ लावून मोजलं होतं. तेवढ्यात पुसला नाही, तर पाण्यातला क्षार मागे राहतो आणि पांढरं वर्तुळ उमटतं. म्हणून तिने गाडी आधी पोर्चच्या सावलीत ढकलून घेतली, टपापासून खाली धुतली आणि आता एकेक भाग पुसत होती.

दसरा उद्यावर आला होता. इंदिरानगरातल्या त्या बंगल्यात दसऱ्याला खरी पूजा आजोबांच्या गाडीची. बाबांच्या नव्या गाडीला नुसता हार. आजोबांची काळी फियाट छप्पन्न सालची. लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. आजोबा तिला वराह म्हणत, आणि दुसऱ्यांनाही तेच म्हणायला लावत.

आजोबांनी, म्हणजे ढुंढिराजशास्त्र्यांनी, रामकुंडावर पन्नास वर्षं यात्रेकरूंचे विधी सांगितले होते. घड्याळाला नायलॉनचा पट्टा, पाकिटाच्या जागी कापडी बटवा. गाडी घेतली तेव्हा चामड्याच्या सीटा आधी उसवून बाहेर फेकल्या, मगच ते आत बसले.

देवघराची खिडकी पोर्चमध्येच उघडायची. आत सोवळ्यात आजोबांची पूजा, बाहेर नातीची धुलाई, आणि गजांतून सूचना.

"गोल फिरवू नकोस गं. पसरायचं आणि ओढायचं."

"आजोबा, एमएस्सी झालीये माझी."

"गाडी पुसण्यात?"

ती हसली. पण म्हातारा सांगत होता ते खरंच होतं. त्यांनी सकाळी खिडकीतून दिलेलं फिकट पिवळं फडकं तिने बॉनेटवर पसरलं, एकदा स्वतःकडे ओढलं, आणि पत्रा कोरडा. एक ठिपका नाही. टॉवेलने हे कधी जमलं नव्हतं. तिने फडकं पिळून उलटंसुलटं करून पाहिलं. एक कड कात्रीने सरळ कापलेली होती.

"अर्धंच आहे हो हे."

"नवंच आहे, आजच फोडलं. अर्धं आत लागतं."

"कशाचं असतं हे?"

"शमीचं."

"शमी? झाड?"

"मग! दसऱ्याला पुजतो ती. देवळालीच्या पारशी डॉक्टरांकडून गाडी घेतली ना, तेव्हा त्यांनीच सांगितलं, शास्त्रीजी, डाग नको असेल तर शमी वापरा. परधर्माचा माणूस, पण जाण बघ केवढी! सालीचं करत असणार, वल्कलासारखं. तीस वर्षं मुंबईच्या एकाच दुकानातून मागवतो. शमी द्या म्हटलं की देतात."

सालीचा धागा एवढं पाणी पीत नाही, हे स्वरदाच्या डोक्यात लगेच आलं. फडक्याला तर वीणच नव्हती. बादलीशेजारी त्याची प्लास्टिकची पिशवी पडली होती. तिने ती उचलली, डोळ्यांजवळ धरून मागचा बारीक मजकूर वाचला आणि खदखदून हसत खिडकीकडे वळली.

"आजोबा! शमी नाही, शॅमी! झाडबीड काही नाही, कातडं आहे हे!"

आजोबा ताम्हनासमोर बसले होते. डाव्या हातात नुकताच स्नान घातलेला शाळीग्राम. उजव्या हातात फिकट पिवळं फडकं, एका कडेला कात्रीने सरळ कापलेलं.

 नको असताना तिच्या मनात गुणाकार झाला. तीस वर्षं गुणिले तीनशे पासष्ट पूजा. दहा हजार नऊशे पन्नास.

"कातडं?" आजोबांनी विचारलं. एखाद्या नव्या शब्दाचा अर्थ विचारावा तसं.

 त्यांच्या बोटांतून फडकं सुटलं आणि पाटावर पडलं. त्यांनी गुडघा मागे ओढून घेतला. तिच्या हातातलंही कधी गळून पडलं, तिला कळलं नाही.



"मृगाजिन शास्त्राला चालतं," मग आजोबा ताम्हनाकडे बघत म्हणाले. "ऋषिमुनी बसायचेच की त्यावर." त्यांनी वर पाहिलं. "हरणाचं असेल का गं?"

पिशवी अजून तिच्या हातात होती. शंभर टक्के मेंढीचं कातडं, असं तिच्यावर छापलेलं होतं. त्याच्या खाली आणखी बारीक अक्षरांत, माशाच्या तेलात कमावलेलं.

दोन वर्षं प्रयोगशाळेत स्वरदाने कुठल्याही नोंदीतला दशांश चिन्हापुढचा शेवटचा आकडासुद्धा बदलला नव्हता. तिने पिशवी मुठीत चुरगाळली.

"हो, आजोबा. हरणाचंच आहे."

ते तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. यात्रेकरूने गोत्र चुकीचं सांगितलं की बघत, तसं.

"हरणाचं असतं स्वरदे," ते म्हणाले, "तर तू कुठल्या हरणाचं, कुठल्या देशातल्या, सगळं सांगितलं असतंस."

त्यांनी शाळीग्राम ओलाच ताम्हनात ठेवला. दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

स्वरदा गजांना धरून उभी राहिली. तिच्या मागे वराहाच्या टपावरचं पाणी जागच्या जागी वाळत होतं. आत काळ्याभोर शाळीग्रामावर एक टपोरा थेंब राहिला होता. तो आटत आटत लहान झाला, तरी दोघांपैकी कुणाचाच हात पुढे झाला नाही. थेंबाची कड पांढरी दिसायला लागली. तीस वर्षांत पहिल्यांदाच.