एकही चौकोन पांढरा नको

"एकही चौकोन पांढरा दिसता कामा नये," नुहादचा भाऊ फौजी म्हणाला.

नुहादने मान हलवली आणि लॅपटॉप आईच्या पलंगापाशी ओढून घेतला. एक्सेलच्या तक्त्यात डावीकडे दिवसाचे तास, वर माणसांची नावं. ज्याची पाळी त्याचा रंग. बैरुतच्या बंदरात जहाजं, क्रेन आणि ट्रक यांच्या वेळा एकमेकींत बसवत तिने एकोणीस वर्षं काढली होती. घरची तीन माणसं आणि एक नर्स बसवणं म्हणजे पोरखेळ.

पण खेळ नव्हता. ऑक्सिजनचा मास्क आईच्या नाकावरून खाली सरकायचा आणि तो वर घ्यायला तिच्या हातात जोर नव्हता. जीव जायला दहा मिनिटं पुरेत, असं डॉक्टर सांगून गेला होता.

"रात्री दहा ते सकाळी सात नुहाद," फौजी सांगत होता. तो थोरला, घर त्याचं, म्हणून आवाजही त्याचाच.

"रात्र नणंदबाईंनाच द्या," त्याची बायको सुआद म्हणाली. "त्यांना कुठे नवरा हाक मारतोय."

"बरं आहे की," नुहाद म्हणाली. "तुझा हाक मारतो तेव्हा तरी तू कुठे उठतेस?"

सुआद हसली. सात ते बारा तिने घेतले. पुढे तिला इफ्तारच्या स्वयंपाकासाठी मशिदीच्या मुदपाकखान्यात जायचं असे. बारा ते चार नवी नर्स मार्लेन. दुकान बंद करून फौजी चारला यायचा, तो दहापर्यंत.

मार्लेन भेटायला आलीच होती. पलंगाच्या कडेला बसून तिने मास्कचा पट्टा घट्ट केला.

"मुलगी शाळेतून येते माझी. चार म्हणजे चार, साहेब. मी थांबणार नाही."

"मी चारला दारात असतो," फौजी म्हणाला. "आणि एक सांगून ठेवतो. बेल वाजली तरी दार उघडायचं नाही. कोणी का असेना. आईला माणसांची दगदग सोसत नाही."

मार्लेनने मान डोलावली आणि आईकडे वाकून मोठ्याने विचारलं, "मुलं किती हो तुम्हाला, आजी?"

आईने चादरीतून हात काढला. तीन बोटं उभी केली.

फौजीने त्यातलं एक हलकेच मिटवलं. "दोन. औषधांनी मोजणं चुकतं तिचं."

नुहादने नजर पडद्यावरून काढली नाही. फौजीच्या तासांना हिरवा रंग भरला. मग म्हणाली, "भाई, वेळेचे दोन रकाने करू का? आपली वेळ आणि त्यांची?"

कारण त्या सकाळपासून देशात दोन वेळा चालू होत्या. दरवर्षी या सुमारास घड्याळं तासभर पुढे जातात. यंदा सरकारने रमजान संपेपर्यंत ती हलवायची नाहीत असं ठरवलं. चर्चने ऐकलं नाही, आपली पुढे नेली. पाव मिळत नाही, बँकेतले स्वतःचे पैसे मिळत नाहीत, त्याबद्दल कोणी बोट उचललं नाही. पण एक तास भांडायला मिळाला म्हटल्यावर दोन्हीकडचे शहाणे त्यावर कुत्र्यासारखे तुटून पडले.

"एका देशात दोन वेळा," सुआद म्हणाली, "आणि वीज एकाही वेळेला नाही."

फौजी हसला नाही. "त्यांची वेळ माझ्या घरात लिहायची नाही. वेळ एकच. आपली."

"जशी तुझी मर्जी," नुहाद म्हणाली. रकाना एकच राहिला.

मार्लेनने बारा ते चार पाहून घेतलं, पर्स उचलली आणि गेली. फौजीने छापलेला तक्ता फ्रिजवर चिकटवला. वरपासून खालपर्यंत रंगच रंग. "याला म्हणतात काम," तो म्हणाला.

सोमवारी ऑफिसात सुआदचा फोन आला. "ती नर्स अकरालाच आली गं. गुणी दिसते. मी लवकर सुटले."

"बरं झालं," नुहाद म्हणाली.

शेजारच्या टेबलावरचा जॉर्ज तिच्या उपासाचा मान राखून पाठ फिरवून खात होता. तोंड पुसून वळला तेव्हा त्याला तिच्या पडद्यावर तक्ता दिसला.

"आईचा? हे चार कुठले, नुहाद?"

"म्हणजे?"

"नर्स कुठे राहते?"

"ऐन अल-रुम्मानेला."

"म्हणजे आमच्या ख्रिस्ती वस्तीत, माझ्या घड्याळावर." त्याने खुर्ची जवळ ओढली. "तिचे चार वाजतील तेव्हा तुझ्या भावाचे तीन झालेले असतील. ती उठून जाईल, तो दुकानातच असेल. सकाळी एका तासात दोन माणसं, आणि दुपारी अख्खा तास म्हातारी एकटी. मास्क सरकला तर?"

नुहादने पडद्यावरचा तक्ता बंद केला.

"जहाजाच्या वेळेत कधी मिनिटाची चूक केली नाहीस तू. आईच्या बाबतीत एवढी मोठी? फोन कर. आत्ताच्या आत्ता."

तिने घड्याळ पाहिलं. मार्लेनचे चार वाजायला अजून दीड तास होता. मोबाइल घेऊन ती बाहेरच्या व्हरांड्यात गेली, दार ओढून घेतलं आणि नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"ताई?" पलीकडून तिच्या धाकट्या बहिणीचा आवाज आला.

"हनान, मी दिलेली किल्ली घे आणि नीघ," नुहाद म्हणाली. "मार्लेनच्या चारपासून फौजीच्या चारपर्यंत आई तुझी."