जखमेचं नाव

"सर्टिफिकेट मी मान्य करून टाकणार आहे," आरोपीचे वकील कमलाकांत विजयकर म्हणाले. "डॉक्टरला बोलवायची भानगडच नको."

"मान्य करू नका," समोर बसलेली बेबी म्हणाली. "डॉक्टरला बोलवा. आणि एकच शब्द विचारा."

विजयकरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. साठी ओलांडलेली बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, ताठ पाठ. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं नर्स होते आणि आरोपीच्या चाळीतच राहते, एवढीच ओळख तिने दिली होती. ठाकूरद्वारला ऑफिस शोधत ती एकटीच आली होती.

वकिलांनी कागद पुढे सरकवला. विकासच्या कपाळावर जखम, पाच सेंटिमीटर. प्रकार: लॅसरेटेड.

"लॅसरेटेड म्हणजे कापलेली. विकास म्हणतो, गंधारने चाकू मारला. जुळतंय की सगळं."

"तिथेच माणसं फसतात, साहेब. कापलेली म्हणजे इन्साइज्ड. लॅसरेटेड म्हणजे आपटून फाटलेली. मराठीत आपण दोन्हीला जखमच म्हणतो, पण डॉक्टर हा शब्द उगाच लिहीत नाही. कपाळाला कातडीखाली लगेच हाड. आपटलं की सरळ रेषेत फाटतं, चाकूने चिरल्यासारखं. नवखे डॉक्टर हमखास चुकतात. ही डॉक्टर चुकलेली नाही."

"तुम्ही ड्युटीवर होता त्या दिवशी?"

"रिटायर होऊन चार वर्षं झाली."

"मग एवढ्या खात्रीने कसं सांगता?"

"जखम मी पाहिलीय. आणि हिला," बेबीने डॉक्टरच्या सहीवर बोट ठेवलं, "मी शिकवलंय."

निघताना ती दारात थांबली. "मी आले होते हे कुणाला बोलू नका. गंधारच्या वडलांनाही नको."

प्रकरण तसं लहानच होतं. लालबागच्या चाळीत कमिटीची निवडणूक झाली आणि चोवीस वर्षांच्या गंधारने विकासला अकरा मतांनी पाडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात दोघांची जुंपली. बघायला तिसरं कुणी नव्हतं. विकास रक्ताने माखून खाली आला आणि चाकू मारला म्हणून ओरडला. गंधारचं म्हणणं, त्याने माझी कॉलर धरली, मी हात झटकला, तो पायरीच्या कडेवर आपटला. चाकू काही सापडला नाही. पण केस उभी राहिली आणि अग्निशमन दलात झालेली गंधारची निवड अडकली.

गंधारची आई तो सहा वर्षांचा असताना गेली. बाप धोंडू शिवडीच्या गोदामात हमाल, अंधारात बाहेर पडायचा. पोराची शाळेची तयारी, म्हणजे भांग पाडणं आणि डबा भरणं, बेबीकडे. आई गेल्यावरची पहिली भाकरी त्याने तिच्याच ताटात मोडलेली. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. जिन्यातली हकिकत सांगताना त्याचे कान लाल झाले नव्हते.

शिवडीच्या कोर्टात तारखेला बेबी मागच्या बाकावर बसली. आरोपीच्या पिंजऱ्यातून गंधारने एकदा वळून पाहिलं. तिने नजर दिली नाही.

डॉक्टर देविका साक्षीला उभी राहिली.

"लॅसरेटेड आणि इन्साइज्ड यात फरक काय?" विजयकरांनी विचारलं.

"इन्साइज्ड म्हणजे धारेने कापलेली. कडा स्वच्छ असतात. लॅसरेटेड म्हणजे बोथट आघाताने फाटलेली. कडा ठेचलेल्या असतात."

सरकारी वकील उठले. "डॉक्टर, गर्दीत, घाईत लिहिलेला शब्द आहे हा. साध्या भाषेत कट म्हणजे कटच ना?"

"नाही," देविका म्हणाली. आवाज चढला नाही की पडला नाही. "जखम उघडून पाहिली तेव्हा आत न तुटलेले तंतू होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कडेचे केस चिरडलेले होते, कापलेले नव्हते. चाकू फिरला असता तर दोन्ही गोष्टी दिसल्या नसत्या. मी हे केसपेपरवर तेव्हाच लिहून ठेवलंय."

मागच्या बाकावर बेबी कान देऊन ऐकत होती. हीच पोर इंटर्न असताना सरसकट 'कट' लिहायची. तेव्हा बेबीने बँडेजच्या कापडाचा एक तुकडा कात्रीने कापला होता, दुसरा हाताने टरकावला होता आणि दोन्ही तिच्या नाकासमोर धरले होते. "एकसारखे दिसतात? मग एकच शब्द कसा? तुझ्या एका शब्दावर कुणाचं तरी आयुष्य टांगलेलं असतं, बाई." पोर रडवेली झाली होती. आज भर कोर्टात ती तसूभर हलली नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत बेबीला निरोपाची शाल मिळाली, घड्याळ मिळालं. पण पगार खरा आज वसूल झाला, असं तिला वाटलं.

बाहेर व्हरांड्यात देविका वाकून पाया पडली. "सिस्टर! तुम्ही इथे कशा?"

"तुला ऐकायला आले," बेबी म्हणाली. "नाव राखलंस."

पंधरा दिवसांनी निकाल लागला. गंधार निर्दोष सुटला. धोंडू भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला आणि गंधारने त्याला हाताला धरून बाहेर नेलं. बेबी त्यांच्याजवळ गेली नाही. गर्दी पांगेपर्यंत ती बाकावर बसून राहिली, पाठ तशीच ताठ.

मग पुढच्या बाकावरून विकास उठला आणि तिच्याजवळ येऊन उभा राहिला. कपाळावरचा व्रण लालबुंद झाला होता.

"सगळं बरोबर बसवलं होतं," तो दात खात म्हणाला. "त्या वकिलाला तो शब्द सुचलाच कसा गं, आई?"