वीस सेकंदांचा कागद

मिरकरवाड्याच्या जेटीवरून रशीद मासेमारीला गेला, त्याला आठ महिने झाले. मोहल्ल्याने त्याला मेलेला ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या नवऱ्याची वाट बघायचा लोकांना कंटाळा येतो. त्याच्या बायकोने, सईदाने, ते मानलं नाही. ती आप्पांच्या स्टुडिओत काळे-पांढरे फोटो काढायला आणि धुवायला शिकू लागली.

त्या दुपारी डार्करूममध्ये तिने स्वतः काढलेल्या रिकाम्या जेटीच्या फोटोची निगेटिव्ह लावली. आप्पांच्या शिकवणीप्रमाणे चार कागदांना पाच, दहा, पंधरा आणि वीस सेकंद उजेड दिला, मग एकेक कागद रसायनात सोडला.

पहिल्यावर नुसता समुद्र उमटला. दुसऱ्यावर दूरवर एक होडी.

“आप्पा, फोटो काढला तेव्हा होडी नव्हती.”

“लाल दिव्यात सगळ्यांनाच काहीबाही दिसतं गो.”

तिसऱ्यावर होडी जेटीला लागली होती. तीत रशीद उभा होता. आप्पा कागदावर वाकले.

चौथ्यावर होडी रिकामी होती. जेटीवर ओली पावलं होती, कॅमेऱ्याकडे येणारी.

डार्करूमच्या दारावर थाप पडली. सलग दोन आणि थांबून एक, रशीद घरी मारायचा तशी. दाराखालून पाणी आत आलं.

आप्पांनी कडी घट्ट धरली. “उघडू नको. उजेडाने कागद बाद होतील.”

“होऊ देत,” सईदा म्हणाली आणि तिने त्यांचा हात बाजूला केला.