साक्षीला न्यायला कोण आलं

शाळेतून फोन आला तो वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, पल्लवीकडे. साक्षी मैदानात पडली होती, हनुवटीला टाके घालावे लागणार होते, आईनं ताबडतोब यावं. पल्लवी जिन्यातूनच ओरडली, "मोहिनीवहिनी, तुम्हीच जाऊन या हो! माझ्या केसांना मेंदी लावलीय."

मोहिनीनं चपला पायात सरकवल्या. मग परत आत गेली, कपाटातून रेशनकार्ड काढून पर्समध्ये टाकलं. जूनमध्ये शाळेत नव्या प्रिन्सिपल आल्या होत्या. त्यांनी पल्लवीला अजून पाहिलेलं नव्हतं. आज सांगायचंच, असं तिनं रिक्षात बसताना ठरवलं. आपण साक्षीची आई आहोत, एवढंच सांगायचं होतं.

पाच वर्षांपूर्वी याच शाळेत साक्षीच्या प्रवेशाचा इंटरव्ह्यू होता. त्या शाळेत मुलाची परीक्षा पाच मिनिटं आणि आईबापांची अर्धा तास, तीही इंग्रजीत. मोहिनी मराठी शाळेतली, बारावी झालेली. तिनं चार महिने नाशिकरोडला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला. नुसतं हो-नाही चालणार नाही, उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, असं तिथले सर बजावायचे. तिनं वीस पूर्ण वाक्यं घोटली. आदल्या दिवशी नवऱ्यानं, दिनेशनं, घरातच तिची परीक्षा घेतली. तिसऱ्या प्रश्नाला ती अडखळली.

"राहू दे," दिनेश म्हणाला. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

मग तो वर गेला. पल्लवी देवळाली कॅम्पात वाढलेली, सुभेदाराची मुलगी, नवऱ्याशी भांडायची तेसुद्धा इंग्रजीत. तिला सगळी गंमतच वाटली. सकाळी मोहिनीनं आपल्या लग्नातली साडी तिला नेसवली, निऱ्यांना पिना लावल्या आणि दारात उभं राहून "ऑल द बेस्ट" म्हटलं. ते मात्र न अडखळता म्हटलं.

प्रवेश मिळाला. अर्ध्या तासाचं खोटं अर्ध्या तासात संपेल, असं मानणारी माणसं भाबडी तरी असतात किंवा दिनेशसारखी हुशार. शाळेच्या फाईलमध्ये आई म्हणून नाव मोहिनीचं आणि फोटो पल्लवीचा लागला. मुलीला रोज न्यायला येणाऱ्याचं कार्ड करायचं होतं. त्यावर दिनेशनं मोहिनीचा फोटो चिकटवला आणि खाली लिहिलं : लताबाई, कामवाली.

"फाटकापुरतं तर आहे," तो म्हणाला.

पण साक्षी फाटकात 'आई' म्हणून बिलगली तर? म्हणून तिला एक वाक्य शिकवावं लागलं. ते मोहिनीनंच शिकवलं. आरशापुढे उभं करून, दर बरोबर उच्चाराला चिक्कीचा एक तुकडा देऊन. शी इज अवर मेड. वाक्य संपलं की साक्षी मान वर करून आईकडे बघायची, बरोबर आलं का म्हणून. आई मान हलवायची, मग चिक्की. मायलेकींचं इंग्रजीतलं पहिलं पूर्ण वाक्य ते.

मोहिनीनं क्लास सोडला नाही. पाच वर्षांत ती इंग्रजी पेपर वाचू लागली, इंग्रजीत पत्रं लिहू लागली. सर आता नवी बॅच तिच्यावर सोपवून चहाला जायचे. साक्षीला वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं, ते भाषण मोहिनीनं लिहिलेलं होतं. बक्षीस घ्यायला आई म्हणून पल्लवी स्टेजवर गेली. मोहिनी मागच्या भिंतीशी कामवाल्या बायांमध्ये उभी राहून टाळ्या वाजवत होती. ती दिनेशला दरवर्षी विचारायची, "अहो, आता तरी जाऊ का मी?" तो दरवर्षी म्हणायचा, "आणि नाव काढून टाकलं तर? दहावी होऊ दे तिची."

प्रिन्सिपलच्या खोलीत साक्षी खुर्चीवर बसली होती. हनुवटीवर कापूस, गणवेशावर रक्त. आईला पाहताच तिचे ओठ थरथरले. मोहिनीनं पर्समध्ये हात घालून रेशनकार्ड पकडलं.

"आपण साक्षीच्या आई का?" प्रिन्सिपलनी इंग्रजीत, मायेनं विचारलं.

"आय अ‍ॅम..."

"शी इज अवर मेड," साक्षी म्हणाली. एका दमात, स्वच्छ. आणि मान वर करून तिनं आईकडे पाहिलं, बरोबर आलं का म्हणून.

मोहिनीचा हात पर्समध्येच राहिला. आता खरं बोलायचं म्हणजे रक्तानं भरलेल्या पोरीला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं. तिनं मान हलवली. मग इंग्रजीत सांगितलं की ती लता, मॅडम घरी आहेत, मुलीला टाके घालून ती नीट घरी पोचवेल. एकही चूक झाली नाही. जीव तुटत होता, पण चूक झाली नाही.

प्रिन्सिपल बघतच राहिल्या. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण आवाजात असतं.

"कामवाली असून इतकं छान इंग्रजी! शाबास!" त्या म्हणाल्या. "तुझ्यासारख्या आईची मुलं मला या शाळेत हवीत. फीचं मी बघेन. तुला मुलं आहेत ना?"

साक्षी श्वास रोखून बघत होती. मोहिनीनं पर्सची चेन लावली.

"नो, मॅडम," ती म्हणाली, आणि क्लासच्या सवयीनं वाक्य पूर्ण केलं, "आय हॅव नो चिल्ड्रन."